नेरूळ-सीवूड्स: लहान मुलं असलेल्या घरासाठी कसं आहे?

घरात सहा वर्षांखालचं मूल असेल आणि नवी मुंबईत भाड्यानं किंवा विकत घर शोधत असाल, तर यादीत पहिलं नाव नेरूळचं (सीवूड्स त्यातच आलं) ठेवा. पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो जुन्या इमारतींसाठी आणि पूर्वेकडच्या हवेसाठी. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. फक्त ‘नेरूळमध्ये आहे’ एवढ्यावर घर पक्कं करू नका. लहान मुलाचा सगळा दिवस घराभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये जातो: बाग, डॉक्टर, पाळणाघर, दूध, भाजी. तेवढा टापू चांगला हवा, आणि तो एकाच नेरूळमध्ये सेक्टरागणिक बदलतो. एजंट ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ म्हणतो तेव्हा ती बहुतेक वेळा रिक्षाची पाच मिनिटं असतात.

आई-वडील दोघंही नोकरी करत असतील तर नेरूळचं स्टेशन मोठी सोय आहे. हार्बर, ट्रान्स-हार्बर आणि जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाणारा मार्ग, तिन्हींच्या गाड्या इथून मिळतात. एकाचं ऑफिस फोर्टला आणि दुसऱ्याचं घणसोली-ऐरोलीला असलं तरी दोघांनाही गाडी बदलावी लागत नाही. सीएसएमटीला साधारण तास लागतो, ठाण्याला पाऊण तासाच्या आत पोचता येतं. वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) नोकरी करणाऱ्यांची मात्र ओढाताण होते. ऑफिस सहाला सुटलं, कुर्ल्यापर्यंत रिक्षा किंवा बस, मग लोकल; सातला बंद होणारं पाळणाघर गाठणं रोज जमणार नाही. म्हणून घराचं टोकन देण्याआधी पाळणाघर बंद व्हायची वेळ विचारा, आणि उशीर झाला तर मूल कोणाजवळ थांबतं तेही.

रेल्वेमार्गामुळे नेरूळचे दोन भाग पडतात. रूळ आणि सायन-पनवेल महामार्ग यांच्यामधलं ते पूर्व, पाम बीच मार्गाकडचं ते पश्चिम. घर, पाळणाघर, बालवाडी आणि नेहमीचे डॉक्टर रुळांच्या एकाच बाजूला हवेत, हा नियम मोडू नका. मोठ्या माणसाला भुयारी मार्ग दोन मिनिटांचा वाटतो. एका हाताला मूल, दुसऱ्या हातात दप्तर आणि वरून जुलैचा पाऊस असला की तोच रस्ता रोज दोनदा जीव काढतो.

आता इमारती. इथेच सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या जुन्या वसाहती तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या आणि बिनलिफ्टच्या आहेत. मधे मोकळी जागा, झाडं, घरात वारा, खाली खेळायला सोबती. लहान मुलाला याहून चांगलं काय हवं! पण स्लॅब तपासल्याशिवाय होकार देऊ नका. खाऱ्या हवेत आणि गच्चीच्या किंवा वरच्या बाथरूमच्या गळतीत आतल्या सळ्या गंजतात, गंजून फुगतात आणि खालचं प्लॅस्टर ढकलून देतात. छताला सळईच्या ओळीत सरळ तडा दिसला तर झाडूच्या दांड्यानं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ते प्लॅस्टर सुटलेलं आहे, आज ना उद्या खाली येणार. बाथरूम, स्वयंपाकघर आणि ज्या खोलीत मूल झोपणार ती खोली, या तिन्ही ठिकाणी ठोका. जुन्या इमारतीत एकाच खोलीला नवंकोरं पीओपीचं छत लावलं असेल तर त्याच्यावर काय आहे ते विचाराच.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. सेक्रेटरीकडे अहवाल मागा. टाळाटाळ झाली तर दुसरं घर बघा. त्याच बैठकीत दुसरा प्रश्न विचारा: पुनर्विकासासाठी बिल्डर नेमला आहे का, आणि सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे का? झाला असेल तर वर्ष-दोन वर्षांत घर रिकामं करावं लागू शकतं, आणि नुकती बसलेली शाळेची घडी मोडते. शेजारचा प्लॉटही बघून घ्या. पत्रे लावून खोदकाम चालू असेल तर पुढची तीन-चार वर्षं धूळ आणि पायलिंगचा आवाज ठरलेला. दुपारी झोपणाऱ्या बाळाच्या घराला ते परवडत नाही.

नव्या टॉवरमध्ये स्लॅबची काळजी नाही, तिथे खिडकी बघा. जमिनीपासून कठडा तीन फुटांहून कमी असेल आणि काच सरकती असेल, तर पलंगावर चढलेलं दोन वर्षांचं मूल सहज बाहेर वाकतं. काही सोसायट्या दर्शनी भागाला ग्रिल लावू देत नाहीत. तिथे आतून ग्रिल किंवा तारांची जाळी चालेल का, ते लेखी घ्या. बाल्कनीच्या गजांमधली फट चार इंचांपेक्षा कमी हवी. मोजपट्टी बरोबर न्या, एजंटच्या ‘होऊन जाईल’वर जाऊ नका.

साडेबारा टक्के योजनेतल्या (जमीन गेलेल्या गावकऱ्यांना सिडकोनं परत दिलेल्या भूखंडांवरच्या) आणि करावे, दारावे, सारसोळे, शिरवणे या गावांतल्या घरांचं भाडं कमी असतं, शेजार मायेचा असतो आणि ताजी मासळी दारात येते. पण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत वापरायला दिलेली परवानगी) आहे का ते बघा, आणि गल्लीत अग्निशमनची गाडी शिरते का तेही. भाडेकरार नोंदवायला मालक तयार नसेल तर पुढे शाळेच्या प्रवेशाला पत्त्याचा पुरावा मिळणार नाही.

घर बघायची उत्तम वेळ म्हणजे जुलै-ऑगस्ट. नवी मुंबईचा बराच भाग भराव टाकलेल्या खाडीकाठावर उभा आहे. भरतीला खाडीकडचे दरवाजे बंद, पावसाचं पाणी धारण तलावात साठवायचं आणि ओहोटीला ते सोडून द्यायचं, अशी रचना आहे. तलाव गाळानं भरलेला असेल आणि मोठी भरती व जोराचा पाऊस एकाच वेळी आले, तर सखल भागात पाणी तुंबतं. तळमजल्याचं घर म्हणूनच टाळा. उन्हाळ्यातच बघावं लागलं तर पलंग आणि कपाट सरकवून मागची भिंत बघा. जमिनीपासून फूटभर रंग फुगलेला, पांढरी पूड सुटलेली, कपाटात कुबट वास, म्हणजे ओल आहे. श्वासनलिकांचा त्रास असणाऱ्या मुलाला ती खोली बाधते. बिनलिफ्टच्या इमारतीत पहिला किंवा दुसरा मजला सगळ्यात सोयीचा.

पूर्वेची हवा: महामार्गापलीकडे शिरवणे-तुर्भ्याचा एमआयडीसी पट्टा आहे. हिवाळ्यात वारा पडलेला असताना रात्री आणि पहाटे रसायनांचा वास महामार्गाजवळच्या सेक्टरांपर्यंत येतो. दुपारी घर दाखवतात तेव्हा तो कळत नाही. रात्री अकराला आणि सकाळी सहाला त्या गल्लीत जाऊन उभं राहा. पश्चिमेला हा त्रास कमी, पण पाम बीचलगतच्या घरांत खारा वारा ग्रिल आणि एसी लवकर खातो.

पाण्याच्या बाबतीत नेरूळ सुखी आहे. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. तरीही सोसायटीच्या हिशेबात टँकरची बिलं आहेत का बघा आणि सकाळी आठला सगळ्यात वरच्या मजल्यावरचा नळ सोडून बघा.

बागांसाठी नेरूळला पूर्ण गुण. पूर्वेला वंडर्स पार्क आणि रॉक गार्डन, पश्चिमेला पाम बीचकडे ज्वेल ऑफ नवी मुंबईचा लांबलचक चालायचा रस्ता. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सीवूड्सजवळच्या डीपीएस तलावावर रोहित पक्षी उतरतात. शहरात वाढणाऱ्या मुलाला घराजवळ गुलाबी पक्ष्यांचा थवा दिसावा, ही फार मोठी गोष्ट आहे. पण वंडर्स पार्क महिन्यातून एकदा होतं. रोजची असते ती सेक्टरची छोटी बाग. संध्याकाळी साडेपाचला तिथे जा. घसरगुंडी पत्र्याची असेल तर उन्हाळ्यात सहापर्यंत चटका देते. खाली वाळू किंवा रबर आहे की नुसता पेव्हर ब्लॉक, झोपाळ्याच्या कड्या झिजल्यात का, अंधारात दिवे लागतात का, स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, हे सगळं दहा मिनिटांत कळतं. मग घरापासून बागेपर्यंत बाबागाडी ढकलून बघा. नेरूळचे पदपथ रुंद आहेत, पण झाडांच्या मुळांनी ब्लॉक वर आलेत, जागोजागी दुचाकी लावलेल्या असतात आणि कोपऱ्यावर उतार नसला की गाडी उचलूनच रस्त्यावर आणावी लागते.

बाळ अगदी लहान असेल तर महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र किती लांब आहे ते मोजा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची लस, मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. ही सगळी तिथे मोफत मिळते आणि पहिल्या वर्षात बऱ्याच खेपा होतात. मोठ्या दुखण्याला नेरूळमध्येच महापालिकेचं माँसाहेब मीनाताई ठाकरे रुग्णालय आणि डी. वाय. पाटील रुग्णालय आहे, बेलापूरला अपोलो. घराजवळच्या नर्सिंग होमला फोन करून एवढंच विचारा: रात्री दोन वाजता बालरोगतज्ज्ञ हजर असतात की बोलवावे लागतात?

शाळा भरपूर आहेत, महापालिकेची सीवूड्समधली सीबीएसई शाळाही त्यात आली. बऱ्याच खासगी शाळांचे नर्सरीचे अर्ज दिवाळीच्या आसपास सुरू होतात, त्यामुळे मे महिन्यात घर बदलून जूनची शाळा शोधणाऱ्यांच्या हाती उरलेल्या जागा येतात. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आतल्यांना प्राधान्य असतं, आणि भाड्याचं घर असेल तर नोंदणीकृत करार लागतो.

करार अकरा महिन्यांचाच करायचा अशी सक्ती कुठेही नाही. शाळा डोळ्यासमोर ठेवून तेहतीस किंवा छत्तीस महिन्यांचा मागा, दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून घ्या. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आहे. ३० हजार भाड्यानं अकरा महिन्यांचे ८२५ रुपये होतात, अनामत रकमेमुळे त्यात किरकोळ भर पडते, आणि महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १००० रुपये. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. ते भाड्यात धरलं आहे का, हे आधीच बोलून घ्या. विकत घेणाऱ्यांनी सिडकोच्या मूळ ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची किती वर्षं उरलीत आणि हस्तांतरण शुल्क कोण भरणार, हे करारात लिहावं.

नेरूळ सगळ्यांसाठी नाही. त्याच पैशांत एक खोली जास्त हवी असेल तर खारघर बघा: रुंद रस्ते, सेंट्रल पार्क, नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रो. मात्र तिथे पाण्याची आणि तळोजा एमआयडीसीच्या वासाची चौकशी दुप्पट करा. दोघांचीही ऑफिसं ठाणे-मुलुंडकडे असतील तर ऐरोलीच घ्या; पूल ओलांडला की मुलुंड, आणि वाचलेला तास मुलाच्या वाट्याला येतो. आजी-आजोबा कोपरखैरणेला किंवा वाशीला राहत असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्यांच्या चालत्या अंतरात घर शोधा.