भुताशिवायचं पोस्टर: वडगावातल्या एका दुकानाचा अनुभव

बेळगावात हौशी नाटकांना लाईट मारण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात आम्ही आठजणांनी पहिल्यांदाच कॅमेऱ्यासाठी काम केलं. 'तिकटी' (म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा) नावाचा बावीस मिनिटांचा भयपट, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर, सहा रात्रींत. पिक्चर झाला, एडिट झाला, आणि मग पोस्टरपाशी येऊन अडलो. ते पोस्टर शेवटी ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल लिहायचं मी तेव्हाच ठरवलं होतं, कारण इकडं कुणी नाटकाचं, पिक्चरचं पोस्टर करायचं म्हटलं की वाढदिवसाचे बॅनर करणाऱ्याकडंच जातो. आम्हीही आधी तेच केलं.

तिथलं थोडक्यात सांगतो. दोन दिवसांत पोस्टर हातात आलं. पांढऱ्या साडीतली मोकळ्या केसांची बाई, मागं पडका वाडा, वर पौर्णिमेचा चंद्र, अक्षरांतून ठिबकणारं रक्त आणि खाली चारही कलाकारांचे चेहरे, प्रत्येकाच्या हनुवटीखालून हिरवा उजेड. आमच्या पिक्चरमध्ये वाडा नाही. चंद्रही नाही, सगळा पाऊसच आहे. पांढरी साडी तर कुणीच नेसलेलं नाही. त्या माणसाचा दोष मी काढत नाही, आम्ही त्याला काही सांगितलंच नव्हतं. 'हॉररचं पाहिजे' एवढंच म्हणालो, आणि हॉरर म्हटल्यावर त्याच्या कॉम्प्युटरात जे होतं ते त्यानं दिलं.

मग एका नाटकवाल्या मित्रानं बेळगावातल्याच वडगावचा पत्ता दिला. यंत्रमागांच्या गल्लीत, दोन खणांचं दुकान. भिंतीपलीकडं दिवसभर मागाची खटखट चालू असते, पहिल्या दिवशी बोलणंसुद्धा नीट ऐकू आलं नाही. दुकान बापलेकीचं. बाप जुना पेंटर, एकेकाळी थिएटरांवरचे कापडी बोर्ड रंगवायचा. फोटोवर चौकोन आखायचे, कापडावर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन भरत दहा फुटी चेहरा उभा करायचा. लेक कॉम्प्युटर बघते. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. मी तिला पोरी म्हणतो, ती मला काका री म्हणते.

पिशवीतून फोटो काढायला लागलो तर ती म्हणाली, "फोटो र्‍हाऊ देत री काका. आधी सांगा, पिक्चरमध्ये तुम्हाला स्वतःला भीती कुठं वाटली?"

असा प्रश्न मला आजवर कुठल्याही छापखान्यात कुणी विचारलेला नाही. मी जरा थांबलो. मग सांगितलं. शेवटची बस चुकलेला एक माणूस तिकटीवर उभा आहे. पाऊस धो धो. बॅटरी मारतो तर सगळा रस्ता भिजलेला, आणि मधोमध माणूस उभा असावा एवढाच तुकडा कोरडा. वर झाड नाही, छप्पर नाही. कुणीतरी तिथं उभारलंय आणि पाऊस त्याच्या अंगावर पडतोय, म्हणून खालची जमीन कोरडी आहे. तो शॉट लावताना लाईट मीच धरली होती, तरी पाठीतून थंड गेलं होतं.

तिनं बापाकडं बघितलं. अप्पा खुर्चीतून म्हणाले, "मग तेवढंच ठेवा की. बाकी कशाला?"

माझं डोकं तेव्हा पटकन तयार झालं नाही. चार कलाकार, चौघांचे आईबाप, प्रत्येकाला आपला चेहरा पोस्टरवर पाहिजे. निर्माता म्हणून पैसे घातलेला मित्र म्हणायचा, भूत दिसलं पाहिजे. तेव्हा त्या पोरीनं स्क्रीनवर एक जुनं पोस्टर काढून दाखवलं. १९७३ चा 'द एक्झॉर्सिस्ट'. रात्र, धुकं, रस्त्यावरच्या दिव्याखाली बॅग घेऊन उभा असलेला एक पाठमोरा माणूस आणि वरच्या खिडकीतून येणारा उजेडाचा झोत. ज्या झपाटलेल्या मुलीचा पिक्चर आहे ती कुठंच नाही. उजेड खिडकीतून बाहेर येतोय आणि भीती मात्र खिडकीच्या आत आहे. लाईटवाला म्हणून मला हे पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी दाखवायला हवं होतं. दुसरं दाखवलं १९७९ चं 'एलियन': काळ्यावर एक अंडं, त्याला खालून गेलेला तडा आणि आतून येणारा हिरवट उजेड. पिक्चरमधला तो परग्रहावरचा प्राणी पोस्टरवर नाही. भूत पोस्टरवरच भेटलं तर माणूस आत कशाला येईल, हे मी त्या रात्री मित्राला फोनवर सांगितलं आणि तो गप्प झाला.

अप्पांचं म्हणणं मात्र थोडं वेगळं होतं, आणि ते मला पटलं. ते म्हणाले, आमच्या वेळी बोर्ड सायकलवरून जाणाऱ्याला दिसायला लागायचा. रामसे बंधूंच्या पिक्चरचा बोर्ड असला की मोठा चेहरा, मोठे दात, लाल रंग, कारण बघणाऱ्याकडं दोन सेकंद असायचे आणि घरी टीव्हीवर बघायची सोय नव्हती. आता पोस्टर हातातल्या फोनवर येतं, माणूस ते जवळ धरून बघतो. म्हणून आता लपवलेलं चालतं. त्या रंगवलेल्या बोर्डांना आज नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकावं. कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. बाबूराव पेंटरांनी आपल्या 'कल्याण खजिना' या मूकपटाचं पोस्टर तिथंच १९२४ च्या सुमाराला केलं. हाताची ती परंपरा आपल्या दाराशी आहे, आणि अप्पांसारख्या माणसांच्या बोटांत ती अजून आहे.

आता अक्षरांबद्दल, कारण या दुकानाचं खरं काम मला तिथं दिसलं. 'तिकटी' हा शब्द नीट लिहून बघा. पहिली वेलांटी ऱ्हस्व, तिची रेघ डाव्या टोकाला. शेवटची दीर्घ, तिची रेघ उजव्या टोकाला. दोन्हींकडून कमानी आत वळतात आणि मध्ये क एकटा सापडतो. मला पन्नास वर्षं मराठी वाचून हे दिसलं नव्हतं. त्या कन्नड घरातल्या पोरीला दिसलं. तिनं दोन टोकांच्या रेघा खाली लांबवल्या, मैलाच्या दगडांसारख्या, आणि शिरोरेषा मधेच तोडली, नेमकी क च्या डोक्यावर. रक्त नाही, तडे नाहीत, थरथरणारी अक्षरं नाहीत. अप्पांनी बोरूसारख्या चपट्या ब्रशनं कागदावर बारा वेळा लिहिलं, त्यातलं नववं स्कॅन केलं. बाजारात मिळणारे ते 'भुताटकी' फॉन्ट बघितले की वाचणाऱ्याला आधीच कळतं की आता आपल्याला घाबरवणार आहेत. हे अक्षर आधी साधं वाटतं, मग नजर त्या तुटलेल्या जागेवर जाते.

पिक्चरला कन्नड सबटायटल आहेत, चिकोडीला आणि धारवाडला दाखवायचाय, म्हणून नाव कन्नडमध्येही हवं होतं. हे काम इथं नेहमी शेवटच्या क्षणी उरकलं जातं. कुठला तरी तयार फॉन्ट उचलायचा, मराठीखाली चिकटवायचा. मग दोन लिप्या एकाच कागदावर परक्यासारख्या बसतात. देवनागरी वरच्या रेघेला लोंबकळते. कन्नड अक्षर गोल, त्याला अखंड शिरोरेषाच नाही, बहुतेकांच्या डोक्यावर आपापला तलकट्टू, म्हणजे छोटी आकडी. पहिल्या नमुन्यात दोन्ही नावं सारख्याच आकाराची होती आणि डोळा कुठं थांबावा ते कळेना. मग अप्पांनी कन्नडही त्याच ब्रशनं, त्याच जाडीत लिहिलं, आणि ते नाव रस्त्याच्या कडेनं तिरकं गेलं, मातीत लिहिल्यासारखं. आता दोन्ही एका हाताची वाटतात. आमच्या भागात राहणाऱ्या माणसाला याचं मोल किती आहे ते वेगळं सांगायला नको.

रंगाच्या बाबतीत मी लाल मागितला होता. तिनं नाही म्हटलं, आणि कारण दिलं: खानापूरची माती पावसात भिजली की आधीच लाल दिसते, त्यावर रक्ताचा लाल टाकला तर दोन्ही मरतात. शिवाय स्क्रीनवर पेटलेला लाल छापल्यावर विटकरी होतो, कारण छपाईत तो किरमिजी आणि पिवळ्या शाईतून काढायला लागतो. म्हणून सगळं पोस्टर शेवाळी काळं, खाली जांभ्याची माती, आणि नाव कंदिलाच्या काचेसारखं फिकट पिवळं. भीतीला काळाच रंग लागतो असं नाही हे तिनं 'द शायनिंग' या भयपटाच्या, अमेरिकन डिझायनर सॉल बासनं केलेल्या पोस्टरवरून दाखवलं. ते पूर्ण पिवळं आहे.

काळ्याबद्दल मात्र दोघींचं, म्हणजे तिचं आणि छपाई मशीनचं, चांगलंच वाजलं. नुसती काळी शाई शंभर टक्के दिली तर मोठ्या भागावर ती ट्यूबलाईटखाली करडी दिसते. तिनं त्यात निळी साठ, किरमिजी चाळीस आणि पिवळी चाळीस टक्के मिसळली, तेव्हा कुठं विहिरीसारखा काळा आला. पण असल्या चार शायांच्या काळ्यात बारीक पांढरी अक्षरं कोरली आणि छपाईत एखादी शाई केसभर सरकली, की अक्षरं बुजतात. म्हणून कलाकारांची नावं जाड करून घेतली. पहिल्या प्रिंटमध्ये काळा करडा आला होता, तो तिनं मला न दाखवताच बाजूला टाकला. मी कचऱ्यात बघितला म्हणून कळलं.

कोरडा तुकडा किती दिसावा यावर आमचे दोन दिवस गेले. जास्त कोरडा केला तर नुसता ठिगळ वाटायचा, कमी केला तर कुणाला दिसायचाच नाही. शेवटी तिनं गल्लीतल्या तीन पोरांना बोलावून पोस्टर दाखवलं, काही न सांगता. पहिल्याला दिसलं नाही. दुसऱ्याला थोड्या वेळानं दिसलं आणि तो मागं सरकला. तिसऱ्यानं विचारलं, "इथं पाऊस का पडलेला नाही?" तेवढ्यावर ठेवलं. व्हॉट्सॲपवर अंगठ्याएवढ्या चित्रात तो तुकडा हरवायचा, म्हणून फोनसाठी वेगळं चौकोनी पोस्टर केलं, रस्ता जवळून घेतलेला. हे तिनं स्वतःहून केलं, पैसे लावले नाहीत.

आता उणिवा, कारण त्याही आहेत.

चार दिवस उशीर झाला. गणपतीच्या मंडपांची कामं आली की या दुकानात दुसरं काही हलत नाही, आणि हे आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. श्रावणाच्या शेवटी काम द्यायचं असेल तर नका देऊ. दुसरं, मजकूर मी फोनवर टाइप करून पाठवला होता, तो त्यांच्या श्रीलिपी या जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरात घेताना 'वाऱ्याचा आवाज' मधला अर्धा र बिघडला आणि ध्वनीवाल्याच्या ओळीत चूक राहिली. प्रूफ कागदावर मागून घ्या आणि घरी नेऊन मोठ्यानं वाचा. स्क्रीनवर बघून होकार देऊ नका.

तिसरी उणीव मला जास्त लागली. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या फ्लेक्सवर बंदी आहे, म्हणून हॉलबाहेरचा आठ बाय सहाचा बॅनर कापडावर करायला सांगितला. कापड शाई पितं. इतका जीव लावून केलेला काळा कापडावर राखेसारखा झाला आणि कोरडा तुकडा पार नाहीसा झाला. कापडासाठी वेगळी फाईल, जास्त फरक ठेवून, करायला हवी होती. ज्यानं आयुष्यभर कापड रंगवलं त्या घरात हे लक्षात यायला हवं होतं. मी तसं बोललो. अप्पांनी वाद घातला नाही. संध्याकाळी शिडी घेऊन हॉलवर आले आणि त्या बॅनरवर हातानं, ऑइल पेंटनं, भिजलेला रस्ता पुन्हा रंगवला. दोन तास लागले. कोरडा तुकडा त्यांनी तसाच सोडला, तिथं फक्त छपाई राहिली.

पैसे: डिझाइनचे साडेतीन हजार, त्यात तीन बदल. अक्षरं हातानं लिहून घ्यायची असतील तर वेगळे हजार. अठरा बाय चोवीस इंचांचं पोस्टर जाड आर्ट पेपरवर, मॅट लॅमिनेशनसकट, पन्नास प्रतींना प्रत्येकी पंच्याऐंशी रुपये पडलं. चकचकीत लॅमिनेशन घेऊ नका, ट्यूब त्यातच दिसते आणि काळा मरतो. पहिल्या ठिकाणी आम्ही नऊशे रुपयांत सगळं केलं होतं, तेव्हा हे महाग आहे. मला परवडलं नव्हतं, तरी पुन्हा देईन.

जाताना फोटो मूळ साईजचे न्या, व्हॉट्सॲपवरून आलेले चालत नाहीत. आणि आपल्या पिक्चरमध्ये नेमकं कुठं घाबरायला होतं ते आधी घरी ठरवून जा, कारण ती पोरगी ते विचारल्याशिवाय कॉम्प्युटर चालू करत नाही. दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.

एक पोस्टर आम्ही खानापूरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात लावलं होतं. परवा तिथं चहा घेत होतो. कणकुंबी गाडीचा कंडक्टर हातात ग्लास घेऊन पोस्टरसमोर उभा होता, बराच वेळ. मग हॉटेलवाल्याला म्हणाला, "आमच्या रूटवरचीच तिकटी दिसतीया की ही. पण हितं कोण उभारलंय?"