बालमूत्रपिंड प्रत्यारोपणाची पूर्वतयारी : एका पालकाचा अभिप्राय

आमच्या मुलीच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाची पूर्वतयारी ज्या रुग्णालयाच्या बालविभागात झाली, त्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. तेथील डॉक्टरांनी प्रत्येक अडथळ्याचे कारण समजावून सांगितले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. मुलाचे वजन साधारण १० किलो होईपर्यंत अनेक केंद्रे थांबतात, कारण प्रौढ दात्याचे मूत्रपिंड लहानग्या पोटात बसवून त्याला पुरेसा रक्तपुरवठा टिकवणे कठीण असते. पण मूत्रपिंड निकामी होण्याच्या या आजारात भूकच मंदावते, त्यामुळे ते वजन गाठणे हीच मोठी लढाई ठरते. नळीवाटे आहार देण्याची आमची भीती आहारतज्ज्ञांनी अतिशय संयमाने दूर केली. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत विषाणूंच्या लसी प्रत्यारोपणानंतर सहसा देता येत नाहीत, म्हणून त्या आधीच पूर्ण करून घेतल्या. रक्त चढवल्याने शरीरात प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) तयार होऊन जुळणारा दाता मिळणे अवघड होऊ शकते, हे जाणून तेही शक्यतो टाळले गेले. ही काळजी सर्वत्र घेतली जावी, असे मनापासून वाटते.

उणीव एकच, पण गंभीर आहे. दात्याची तपासणी प्रौढांच्या विभागात होते आणि दोन्ही विभागांत समन्वय नसल्याने अहवाल पालकांनाच पोहोचवावे लागतात; या विलंबात डायलिसिस लांबते आणि मुलाच्या वाढीचे महिने निसटतात. दाता व मूल या दोघांसाठी मिळून एक समन्वयक नेमणे अत्यावश्यक आहे. इतर पालकांना मी हा विभाग निःसंकोच सुचवेन. मात्र दात्याच्या तपासण्या लवकर सुरू करण्याचा आग्रह त्यांनी पहिल्याच भेटीत धरावा.