१५.६ इंच सोडून १४ इंची लॅपटॉप घेतला, त्याला आता बरेच महिने झाले

आधीचा लॅपटॉप १५.६ इंची होता. कित्येक वर्षं विनातक्रार चालला. तक्रार काय ती माझ्या खांद्याची होती. म्हणून नवा घेताना १४ इंची घेतला, आणि तेव्हापासून जो तो एकच विचारतो, "एवढ्याशा स्क्रीनवर डोळ्यांना त्रास नाही का होत?" टेबलावर बसलो असेन तर होत नाही. फिरतीवर असेन तर होतो, पण तो डोळ्यांपेक्षा मानेला जास्त होतो. हे नीट सांगायचं तर थोडं लांबण लावावं लागेल.

माझं काम म्हणजे मराठी मजकूर तपासणं, आणि महिनाअखेर एक्सेलमधले हिशेब. दिवसाचा बराचसा वेळ स्क्रीनसमोरच जातो. चाळिशी ओलांडली आहे, प्रोग्रेसिव्ह काचांचा, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेतून दाखवणारा चष्मा आहे. हे आधीच सांगतो, कारण पंचविशीतल्या माणसाचा अनुभव यापेक्षा वेगळा असणार.

जाहिरातीतला इंचाचा आकडा म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप. त्यावरून रुंदी किती आणि उंची किती, हे कळत नाही. माझी जुनी १५.६ इंची स्क्रीन १६:९ (रुंदी:उंची) प्रमाणातली होती: रुंदी साधारण ३४.५ सेंमी, उंची १९.४ सेंमी. नवी १४ इंची १६:१० प्रमाणातली आहे: रुंदी ३०.२, उंची १८.८. म्हणजे उंचीत अर्ध्या सेंटिमीटरहून जरासा जास्त फरक, आणि रुंदी मात्र चार सेंटिमीटरहून अधिक कमी. मजकूर वरून खाली वाचायचा असतो, त्यामुळे माझ्या मुख्य कामाचं फारसं काही बिघडलं नाही. हाच १४ इंच जुन्या १६:९ प्रमाणात घेतला असता, तर उंची १७.४ सेंमीच मिळाली असती. टास्कबार आणि वर्डची वरची पट्टी आपापली जागा घेतातच, आणि कात्री लागते ती उरलेल्या ओळींना. तेव्हा दोन लॅपटॉपवर "१४ इंच" लिहिलेलं असलं तरी ते एकच आहेत असं समजू नका. प्रमाण विचारा.

हेच गणित उलट्या बाजूनेही उपयोगी पडतं. १६ इंची, १६:१० स्क्रीनची रुंदी ३४.५ सेंमीच भरते, म्हणजे माझ्या जुन्या १५.६ इतकीच. उंची मात्र २१.५ सेंमी. आडवा ए-४ कागद २९.७ बाय २१ सेंमी असतो, तो अख्खा त्या स्क्रीनवर खऱ्या आकारात मावतो. माझ्या १४ इंचीवर तो उंचीला दोन सेंटिमीटर बाहेर जातो. १५.६ वरून १६ वर जाताना "आता आणखी मोठं धूड होणार" म्हणून लोक बिचकतात. पण लॅपटॉप रुंदीला तेवढाच राहतो, वाढतो तो मुख्यतः खोलीला, म्हणजे पुढून मागे.

आता अक्षरांच्या आकाराकडे येतो. दुकानात यावर कोणी बोलत नाही आणि घरी आल्यावर सगळा वैताग इथेच असतो. जुन्या स्क्रीनचं रेझोल्यूशन (आडवे × उभे ठिपके, म्हणजे पिक्सेल) १९२० × १०८० होतं, म्हणजे दर इंचाला १४१ पिक्सेल. नव्याचं १९२० × १२००, पण आकार लहान असल्यामुळे दर इंचाला १६२. विंडोजचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं किती टक्के मोठं दाखवायचं ती सेटिंग, दोन्हीकडे १२५ टक्के ठेवलं, तर तेच अक्षर नव्या स्क्रीनवर सुमारे १३ टक्क्यांनी लहान दिसतं. यादीतली पुढची पायरी थेट १५० ची. तिथे अक्षरं छान मोठी होतात, पण कामाला उरलेली जागा १२८० × ८०० च्या स्क्रीनएवढी होते आणि एक्सेलचे रकाने भराभर उजवीकडे गायब होतात. मधला आकडा स्वतः टाकता येतो, मी १४० टाकून पाहिला, पण एकदोन जुन्या प्रोग्रॅममधली अक्षरं त्याने पुसट झाली.

इंग्रजीत काम करणाऱ्याचं १२५ वर भागेल. देवनागरीत भागत नाही. अनुस्वाराचा टिंब, रफार, रु आणि रू मधला फरक, "ष्ट्र"सारखी जोडाक्षरं, सगळं एवढ्याशा जागेत कोंबलेलं असतं. मजकूर तपासताना ऱ्हस्व-दीर्घाची चूक नजरेतून सुटते ती इथे. शेवटी जो तोडगा बसला तो असा: विंडोजचं स्केलिंग १२५, आणि वर्डमध्ये झूम १४० च्या आसपास. मेनू बारीक दिसतात, पण ते वाचतो कोण? हात आपोआप जातो. मजकूर मोठा दिसला म्हणजे झालं. याशिवाय सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली फक्त अक्षरांचा आकार वाढवायची वेगळी सोय आहे, ती फार जणांना माहीतच नसते.

"मग जास्त रेझोल्यूशनचा घ्यायचा होतास," हा सल्लाही मिळाला. १४ इंचात २८८० × १८०० ची स्क्रीन मी पाहिली आहे, आणि ती देखणी असते यात वाद नाही. पण ती २०० टक्क्यांवर वापरली की कामाला जागा १४४० × ९०० एवढीच. वाढलेल्या पिक्सेलमुळे अक्षराची कड रेखीव होते, जोडाक्षरं स्वच्छ सुटी दिसतात. अक्षर मोठं करायचं असेल तर मात्र जागा लागते, आणि जागा फक्त मोठ्या स्क्रीनकडे असते. शिवाय जास्त पिक्सेल बॅटरीही जास्त खातात.

दोन फाइली शेजारी शेजारी लावून काम करणं १४ इंचांवर जवळपास सोडूनच दिलं आहे. प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम १५ सेंटिमीटर रुंदी येते. मूळ प्रत आणि दुरुस्त प्रत ताडून बघायची तर ते दोन फटींतून डोकावल्यासारखं होतं.

मानेचं दुखणं कळायला मला काही आठवडे लागले. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं वाचायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो, आणि तो साधारण हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी बनवलेला असतो. लॅपटॉपची स्क्रीन त्याहून लांब असते. अक्षर बारीक दिसलं की आपण पुढे वाकतो, मग खालच्या काचेतून दिसावं म्हणून हनुवटी वर उचलतो, आणि तासभर तसेच बसून राहतो. वर सल्ला मिळतो की लॅपटॉप स्टँडवर चढवा, वेगळा कीबोर्ड लावा, स्क्रीनची वरची कड नजरेच्या रेषेत आणा. साध्या चष्म्यासाठी तो सल्ला बरोबर आहे. प्रोग्रेसिव्हवाल्याने स्क्रीन तेवढी उंच केली की हनुवटी आणखी वर जाते. मी स्टँड थोडा खाली घेतला आणि फक्त स्क्रीनच्या अंतरासाठी एक वेगळा चष्मा करून घेतला. त्यानंतर मान बरीच शांत आहे. मोठ्या स्क्रीनचा खरा फायदा मला इथे दिसतो: ती जरा लांब ठेवून अक्षरं मोठी करता येतात, त्यामुळे पुढे वाकायची वेळच येत नाही.

टेबलावर त्रास नाही असं वर म्हटलं, ते २४ इंची मॉनिटरच्या जिवावर. त्याची स्क्रीन ५३ बाय ३० सेंमी आहे. दोन पानं शेजारी लावूनही दाटी होत नाही. यूएसबी-सीची एकच केबल लावली की चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं. मात्र प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही. काही नुसते डेटासाठी असतात. लॅपटॉप घेताना हे लेखी माहितीपत्रकात तपासा, विक्रेत्याच्या "हो हो, चालतं" वर जाऊ नका.

वजनाबद्दल थोडक्यात. माझा १४ इंची दीड किलोच्या आत आहे, जुना दोनच्या पुढे होता आणि त्याचा विटेसारखा चार्जर वेगळा. खांद्याला फरक पहिल्याच दिवशी कळला. पण इंच कमी म्हणजे वजन कमी, असं धरून चालू नका. १७ इंची एलजी ग्रॅम दीड किलोच्या आत आहे, १५ इंची मॅकबुक एअर साधारण दीड किलोचा, आणि गेमिंगसाठीचे काही १४ इंची या दोन्हींहून जड निघतात. लहान आकाराचं सुख वजनापेक्षा मला अडचणीच्या जागी जास्त जाणवलं. गाडीत किंवा विमानात पुढच्याने सीट मागे केली की मोठ्या लॅपटॉपचं झाकण अर्धवट मिटूनच काम करावं लागायचं. आता ते नीट उघडं राहतं.

जाता जाता कीबोर्डचं. १५.६ वर उजवीकडे आकड्यांचा वेगळा पॅड होता, त्यामुळे टायपिंगची जागा आणि टचपॅड डावीकडे सरकलेले असायचे आणि मी कायम किंचित तिरका बसायचो. आता हात स्क्रीनच्या मधोमध येतात, हे फार बरं वाटतं. महिनाअखेरीला आकड्यांच्या पॅडची आठवण मात्र हटकून येते. वेगळा यूएसबी पॅड घेऊन ठेवला आहे.

घ्यायचा असेल तर आपलीच नेहमीची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा. काउंटरशी उभं राहून स्क्रीन वरून दिसते, त्याने काही कळत नाही. खुर्ची मागून घ्या. स्केलिंग किती टक्क्यांवर आहे ते आधी बघा आणि घरी जेवढं ठेवणार तेवढं करा, मग चष्मा लावून पानभर मजकूर वाचा. ज्यांच्याकडे टेबलावर मॉनिटर आहे त्यांनी १४ इंच, १६:१० बिनधास्त घ्यावा. ज्यांची एकच स्क्रीन असणार आहे त्यांना मी १६ सांगेन. अलीकडे बहिणीसाठी तोच निवडला. तिच्याकडे मॉनिटर ठेवायला जागा नाही, आणि तिचा लॅपटॉप घराबाहेर पडतो तो क्वचितच.