प्रिंटर हळू नाही, हळू केलेला आहे!

छपाई काळीभोर, टोनर रिफिल होतो, कागद क्वचितच अडकतो. त्यावर माझी तक्रार नाही. दुखणं एकच, दोन पानांच्या मधली सुस्ती. एक पान टाकलं की मोटर नुसती घुमत राहते, पुढचं पान उचलायचं नावच घेत नाही.

परभणीत वसमत रोडला माझं ऑनलाइन सेंटर आहे. एरवी चालून जातं, पण जुलैत पीक विम्याची झुंबड उडते. सातबारा, आठ-अ, पीक पेरा, पावती. माणूस तेवढाच आणि पानं ढीगभर. "दादा, पावती निघंना का?" हे ऐकत मी कधी दमट कागदाला, कधी व्होल्टेजला बोल लावायचो.

मागच्या महिन्यात फ्युजरची, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाची, फिल्म फाटली. वॉरंटी संपलेली. सर्व्हिस सेंटर म्हणे अख्खं युनिटच बदला, आणि आकडा असा की त्यात अर्धा नवा प्रिंटर यावा. उचलला आणि गल्लीतल्या मेकॅनिककडे नेला. तिथं याच कंपनीचं वरचं, दीडपट वेगाचं मॉडेल उघडं पडलं होतं. मोटर, रोलर, लेझर युनिट, सगळ्यांवर तेच पार्ट नंबर. "काका, माल एकच हाय. तुमच्या बोर्डाला थांब म्हणून सांगितलंय."

चाल जुनीच. १९९० मध्ये आयबीएमनं १० पानांचा लेझर प्रिंटर कंट्रोलरमध्ये मुद्दाम थांबे घालून मिनिटाला ५ पानांचा केला आणि 'लेझरप्रिंटर ई' म्हणून स्वस्तात विकला. इंटेलनं १९९१ ला कॉम्प्युटरच्या ४८६ या प्रोसेसर चिपमधला गणिती भाग बंद करून '४८६ एसएक्स' नावाची चिप काढली. तो भाग हवा असेल तर वेगळी ४८७ चिप घ्या. ती मुळात पूर्ण ४८६, बसवली की जुनी चिप गप्प!

रागानं दोन स्टार दिले होते. मग बिल काढून पाहिलं. वरचं मॉडेल सहा हजारांनी महाग होतं, तेव्हा ते मला झेपलंच नसतं. म्हणून आता तीन. ट्रे लहान द्या, वायफाय काढा, चालेल. पण धडधाकट मोटर रिकामी फिरवायची आणि तेवढा वेळ फ्युजर तापत ठेवायचा, त्याचं वीजबिल कोण भरतं?

घरी पोरांचे प्रोजेक्ट छापायला खुशाल घ्या. सेंटरवाल्यांनी नको. मेकॅनिककडे भंगारातला वरच्या मॉडेलचा बोर्ड आहे, बसतो म्हणतो. तो बाराशेवर अडलाय, मी आठशेवर.