बाबांच्या ब्लड कॅन्सरसाठी सेकंड ओपिनियन, नाशिकच्या मुंबई नाक्याजवळची ओपीडी

बाबांना सीएलएल हा ब्लड कॅन्सर निघालाय, आम्ही निफाडहून आलो होतो. नंबर लागायला अडीच तास गेले, बसायला खुर्च्या कमी, पार्किंगचं तर विचारूच नका. पण आत गेल्यावर डॉक्टर मॅडमनी जो वेळ दिला त्याला तोड नाही.

मी विचारलं की औषध नक्की करतं काय, तर त्यांनी फाईलच्या मागच्या बाजूला पेनाने गोल काढून दाखवला. म्हणाल्या, शरीरातली खराब पेशी स्वतःहून मरते, त्याला अपोप्टोसिस म्हणतात, पण रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल आयुष्यभर टिकायला हव्यात म्हणून त्यांच्यात एमसीएल-१ सारखी मरण थोपवणारी प्रोटीन्स असतात, आणि त्याच घराण्यातलं बीसीएल-२ बाबांच्या कॅन्सरच्या पेशींनी भरमसाठ बनवून ठेवलंय, म्हणून त्या मरतच नाहीत. व्हेनेटोक्लॅक्स हे बाबांचं औषध त्या बीसीएल-२ला जाऊन चिकटतं आणि पेशीचा मरायचा रस्ता मोकळा होतो. बाबा सातवी शिकलेले, त्यांनाही कळलं!

डोस २० मिग्रॅपासून, दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात ४००, कारण पेशी एकदम मेल्या तर किडनीवर ताण येतो. म्हणून पाणी भरपूर प्यायचं आणि मधेमधे रक्त तपासायचं. सिस्टरनी तारखा मराठीत कागदावर लिहून दिल्या, तो आता आमच्या फ्रिजवर चिकटवलाय. औषध महाग आहे, खर्चाचं आधीच स्पष्ट विचारून घ्या. सकाळी लवकर जा, डबा सोबत न्या.