स्टील फायबर: आठ महिने वापरल्यावर

कराडजवळ आमचं छोटं प्रीकास्ट यार्ड आहे, म्हणजे काँक्रीटच्या वस्तू साच्यात ओतून तयार विकतो. लिंटेल (दारा-खिडकीवरचा आडवा बीम), गटारीची आणि चेंबरची झाकणं, एवढाच माल. दिवाळीपासून काँक्रीटमध्ये स्टील फायबर, म्हणजे पोलादी तारांचे तुकडे, टाकतोय: 60 मिमी लांब, 0.75 मिमी जाड, दोन्ही टोकं आकड्यासारखी वाकवलेली. प्रमाण घनमीटरला 30 किलो, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीमागे चारेक किलो.

विकणारा म्हणाला होता, "ताकद दुप्पट होते." नाही होत. क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) दाबून फोडून पाहिले, फायबरचे आणि साधे जवळपास सारखेच निघाले. फरक कळला तो बीम मोडताना. 150 × 150 × 700 मिमीचे, बिनसळईचे बीम एका कॉलेजच्या लॅबमध्ये नेले. साध्या बीमचे फाडकन दोन तुकडे. फायबरवाल्यालाही साधारण तेवढ्याच भाराला तडा गेला. पेलला जाणारा भार कमी झाला खरा, पण बीम एकसंध राहिला, वाकत राहिला. नंतर पहार घालून तो उघडला, तर बहुतेक तारा तुटलेल्या नव्हत्याच. आकडे सरळ होऊन काँक्रीटमधून निसटल्या होत्या. तडा रुंदावताना या तारा ओढल्या जातात आणि त्यातच जोर खर्ची पडतो.

झाकणांना याचा खरा फायदा झाला. गाडीतून उतरवताना कोपरे उडायचे, ते आता क्वचितच.

त्रासही आहे. पहिल्याच दिवशी पोरांनी अख्खी पिशवी मिक्सरमध्ये रिकामी केली आणि साळिंदरासारखे गोळे निघाले. आता डिंकाने चिकटवलेल्या पट्ट्या आणतो, त्याही थोड्या थोड्या सोडतो. माल घट्ट वाटतो म्हणून पाणी वाढवू नका, माल सैल करणारं रसायन, प्लास्टिसायझर, घाला. हातमोजे तर हवेतच. पावसात वरच्या तारांचे तांबूस डाग पडतात. त्याने ताकद जात नाही, पण गिऱ्हाईक कुरकुरतं.

लिंटेलच्या खालच्या सळया मात्र तशाच ठेवल्यात. एका ठेकेदाराला लिंटेल रिंगा (सळयांभोवती घालतात त्या कड्या) वगळून हव्या होत्या, "फायबर आहे ना!" अमेरिकेच्या एसीआय 318 या काँक्रीटच्या नियमावलीत किमान रिंगांऐवजी फायबर चालतं, पण बीमची उंची 600 मिमीपर्यंत, शिअर (बीमला कापू पाहणारा जोर) मर्यादेत आणि फायबर घनमीटरला निदान 60 किलो. माझ्या दुप्पट! मी नाही म्हटलं.

आणि सळया-रिंगा ठेवायच्याच, तर लिंटेलमध्ये फायबर कशाला? पुढची ऑर्डर झाकणांपुरतीच दिली आहे.