‘बघा शेठ, पार्कमध्ये चाक फिरतंय!’

जुनी ऑटोमॅटिक गाडी बाळगणाऱ्यांसाठी लिहितोय. नाशकात अशा गाड्या थोड्या, त्यांचे जाणकार त्याहून थोडे, आणि या टंचाईवर काही जण मजेत पोट भरतात. माझ्या मामांना सव्वादोन लाखांचा गंडा बसला तो असा.

गाडी 1982 ची मर्सिडीज 240 डी, म्हणजे शौकिनांच्या भाषेत डब्ल्यू 123. मामांची द्राक्षबाग दिंडोरीकडे, राहायला गंगापूर रोडला. रविवारी सोमेश्वरपर्यंत जाऊन यायचं आणि परत कव्हरखाली जायचं, एवढंच त्या गाडीचं काम. यंदा पावसाळा सरला आणि तिचा पार्क, म्हणजे उभी गाडी जागच्या जागी अडवून ठेवणारी गिअरची जागा, धरेनासा झाला. गिअरचा दांडा पीवर (पार्कवर) नेला तरी खटका बसल्यासारखं वाटेना. बंगल्यासमोरच्या उतारावर हँडब्रेक सोडला की गाडी सरकायला लागे. आणखी एक गंमत होती: पीमध्ये स्टार्टर हूं की चूं करत नसे, एनमध्ये (न्यूट्रलमध्ये) मात्र इंजिन पहिल्या फटक्याला चालू होई.

शहरातल्याच एका गॅरेजवाल्याकडे गाडी गेली. जर्मन गाड्यांचा स्पेशालिस्ट, असा बोर्ड. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, चारही चाकं अधांतरी, दांडा पीमध्ये. मग मागचं चाक दोन्ही हातांनी धरून फिरवून दाखवलं. “बघा शेठ, पार्कमध्ये चाक फिरतंय! आतला पार्कचा गिअर खलास. त्याचा चुरा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये गेला असणार. बॉक्स उतरवावाच लागेल.” बॉक्स म्हणजे गिअरबॉक्स, आणि टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद तेलातून त्याला पोचवणारा भाग.

डोळ्यांदेखत चाक फिरताना पाहिल्यावर कोण काय बोलणार? आणि नेमकी इथेच हातचलाखी आहे. पार्कची खिट्टी गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवरच्या दातेरी चाकात अडकते आणि तो शाफ्ट अडवते. चाकं तिच्यापासून लांब, डिफरेन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या, पलीकडे. मागची दोन्ही चाकं हवेत असली तर पार्क ठणठणीत असलेल्या गाडीतही एक चाक हाताने फिरतं. फक्त तेव्हा दुसरं चाक उलट्या दिशेने फिरतं. डिफरेन्शियलचं कामच ते. बघायचं असतं ते गिअरबॉक्सपासून मागे डिफरेन्शियलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टकडे. तो फिरला तर पार्क धरत नाही. तो स्थिर असेल तर पार्क धरलेला आहे, चाक कितीही फिरो. त्या दिवशी दुसऱ्या चाकाकडे किंवा शाफ्टकडे कोणी बघू नये, एवढी काळजी त्या माणसाने बरोबर घेतली.

शिवाय पार्क हे निव्वळ यांत्रिक प्रकरण. त्याला ना तेलाचा दाब लागतो, ना टॉर्क कन्व्हर्टर, ना क्लच प्लेटा. पार्क लागत नाही म्हणून कन्व्हर्टर उघडायला सांगणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाहीतर लुच्चा. हा अडाणी नव्हता.

लाखभर रुपये आगाऊ, मोबाईलवरून. बाकीचे रोख, कारण “बिल केलं तर शेठ, अठरा टक्के जीएसटी तुमच्याच डोक्यावर.” पीमध्ये स्टार्ट होत नाही त्याचं कारण बॅटरी, असं सांगून बॅटरीचे पैसे वेगळे लावले. गाडी अडकून पडली. पार्ट जर्मनीहून निघाला, कस्टममध्ये अडकला, मग आला. शेवटी गाडी मिळाली तेव्हा पार्क खरंच लागत होता. मामांनी जुने पार्ट मागितले, तर त्याने पिशवीभर झिजलेल्या क्लच प्लेटा दिल्या. महिनाभराने दुखणं पुन्हा सुरू.

या वेळी अंबडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. ते आधी गाडीखाली गेले, तोंड नंतर उघडलं. म्हणाले, “दादा, हा बॉक्स कधी उतरलेलाच नाही.” बेलहाउसिंगच्या, म्हणजे बॉक्स इंजिनला जोडणाऱ्या कवचाच्या, बोल्टांवर जुन्या तेलाची आणि मातीची काळी खपली जशीच्या तशी होती, पाना लागल्याची खूण नाही. पिशवीतल्या प्लेटा पाहून तर ते हसलेच. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये अस्तर असलेल्या प्लेटांना दाते सहसा आतल्या कडेला असतात. या प्लेटांचे कान बाहेरच्या कडेला. मोटारसायकलच्या प्लेटा होत्या त्या.

खरा रोग बाहेरच होता. आतल्या दांड्यापासून गिअरबॉक्सच्या बाजूच्या लिव्हरपर्यंत एक सळई जाते आणि तिच्या टोकांना प्लास्टिकचे बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या कड्या, असतात. चाळीस वर्षं उष्णता आणि तेल खाऊन ते ठिसूळ होतात, तुकडे पडून गळून जातात. मग दांडा पीवर पोचतो, पण बॉक्सवरचा लिव्हर आरवर (रिव्हर्सवर) किंवा मधेच कुठेतरी राहतो. सव्वादोन लाखांत त्या स्पेशालिस्टाने काय केलं होतं? सळईचे आटे फिरवून लांबी बदलली होती आणि मोडक्या बुशच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. मिस्त्रींनी नवे बुश मुंबईहून मागवले, सळई एनवर जुळवून घेतली. बुश काही शेकड्यांत आले.

हे घरी कसं ओळखायचं तेही मिस्त्रींनीच दाखवलं. या गाडीत स्टार्टरचा सेफ्टी स्विच गिअरबॉक्सलाच बसवलेला आहे आणि तो बॉक्सच्या लिव्हरबरोबर हलतो. स्टार्टरला पी आणि एनमध्येच परवानगी देणारा तोच, रिव्हर्सचे दिवे लावणारा तोच. त्यामुळे दांडा काहीही सांगो, बॉक्स खरोखर कुठे आहे ते त्या स्विचवरून कळतं. सपाट जागा बघा, चाकांना विटा लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंदच ठेवून नुसतं इग्निशन चालू करा, दांडा पीवर न्या आणि कोणाला तरी मागे बघायला सांगा. रिव्हर्सचे पांढरे दिवे पेटले असतील तर बॉक्स रिव्हर्समध्ये आहे. अशा वेळी आधी सळई आणि बुश तपासायचे, बॉक्सला हात लावायचा नाही. पीमध्ये स्टार्टर गप्प आणि एनमध्ये चालू, तरीही संशय आधी सळईवरच. ज्याला बॅटरी म्हणून पैसे उकळले, तो खरा तर रोगाचा पत्ता होता.

दुरुस्त होईपर्यंत इंजिन चालू ठेवून खाली उतरू नका, गेट उघडायलासुद्धा नाही. पी आणि आरच्या मधे राहिलेला बॉक्स आपोआप रिव्हर्स पकडू शकतो. अमेरिकेत 1966 ते 1980 या काळातल्या फोर्ड गाड्यांबद्दल अशाच तक्रारींचा ढीग साचला होता, आणि शेवटी कंपनीला सुमारे 2.3 कोटी गाड्यांच्या मालकांना इशाऱ्याचे स्टिकर पाठवावे लागले.

बॉक्स उतरवायची वेळ खरोखर आलीच, तर गाडी देण्याआधी बेलहाउसिंगच्या दोन-तीन बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, अर्धा डोक्यावर, अर्धा खालच्या धातूवर. फोटो काढून ठेवा. ठिपका न फुटता बॉक्स उतरत नाही. आणि जॉबकार्डवर काय काय बदलणार ते लिहून घ्या.

मामांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत घटना घडल्यापासून दोन वर्षांची. बिल न देणं हीसुद्धा 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे जीएसटी वाचवण्याचा तो सल्ला त्याच्याच अंगाशी येईल असं वकील म्हणतात. नुसती विचारपूस करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. रोख दिलेल्या रकमेसाठी पुरावा म्हणून त्याचेच व्हॉट्सॲपवरचे निरोप आहेत.

आता तो फोन करून पन्नास हजारांत मिटवा म्हणतोय. मामा ऐकायला तयार नाहीत. बोल्टांवरच्या खपलीचे फोटो निघेपर्यंत त्यांनी मिस्त्रींना गाडीचा तळ धुऊ दिला नव्हता.